बांधलेली कळ

(इले नदीपलीकडच्या माळावर पॅराशूट क्लबचं हँगर. सकाळ. एरबोल लांब टेबलावर पॅराशूटची घडी घालतो आहे. रौशन गावाहून थेट इथंच आली आहे, खांद्यावरची पिशवीही उतरवलेली नाही.)

एरबोल : ...आणि त्या हेल्मेटला हात लावू नकोस. चौकशीवाले दुपारी परत येतायत. तोवर आहे तसं राहू दे सगळं.

रौशन : माझं हेल्मेट आहे ते, एरबोल.

एरबोल : माहितीये तुझं आहे, म्हणून तर सांगतोय. आधी बस तरी. चहा घेतलास? आई गेल्याचं वर्षाचं जेवण नीट पार पडलं ना? मी येणारच होतो गं, पण हे असं—

रौशन : नीट पार पडलं. सगळा गाव जेवला. मी म्हाताऱ्यांना चहा ओतत होते, तेवढ्यात आपल्या पायलटचा फोन. म्हणाला, तुझी शिकाऊ पोरगी, कमशात, कॅमेऱ्यासकट पडली. मी त्यालाच झापलं. म्हटलं, सकाळीच दारू चढवलीस का? तिला कॅमेरा देईल कोण?

एरबोल : हे बघ, ती जिवंत आहे. नदीकाठच्या लव्हाळ्यात पडली, चिखलात. देवाचीच कृपा म्हणायची.

रौशन : मान मोडलीये तिची.

एरबोल : मणक्याला तडा गेलाय. मोडणं वेगळं. हात हलतात, पाय हलतात. डॉक्टर म्हणाले, दोन-चार महिन्यांत चालेल, फिरेल.

रौशन : तिला वर कुणी पाठवलं?

एरबोल : अगं, शनिवारी लग्नाचं वऱ्हाड आलं होतं अल्माटीहून. नवरीचा हट्ट, की मी पांढऱ्या झग्यातच उडी मारणार. सगळं खानदान खाली सतरंज्या टाकून बसलेलं. दोम्ब्रा वाजतोय, म्हाताऱ्या तळलेले बाउरसाक वाटतायत, पोरं धिंगाणा घालतायत. नवरीला पुढं बांधून उडी मी मारणार हे ठरलेलं. आणि कॅमेरावाला गेना तापानं फणफणलेला. आता त्या लोकांना काय सांगू? घरी जा?

रौशन : हो. घरी जा म्हणायचं.

एरबोल : तुला बोलायला काय जातंय!

रौशन : तुझ्यासमोर सांगितलं होतं मी तिला. दोनशे उड्या होईपर्यंत डोक्यावर कॅमेरा चढवायचा नाही. आधी स्वतःला सांभाळ, मग दुसऱ्याचं तोंड टिप. तू इथंच उभा होतास. मान डोलवत होतास.

एरबोल : पोरगी हुशार आहे. हवेत माशासारखी फिरते. आणि तीच मागं लागली होती की. एरबोल-आगा, एकदा. आगा, एकदाच.

रौशन : बावीस वर्षांची पोर मागं लागणारच. तू किती वर्षांचा आहेस?

एरबोल : ओरड तू. ओरडून घे. मला सवय आहे.

रौशन : मी ओरडत नाहीये. हेल्मेट माझ्या कपाटात होतं, कुलूप लावून.

एरबोल : दुसरी किल्ली माझ्याकडं असते. तूच दिलीस ती.

रौशन : मीच दिली. बाजूला हो जरा.

एरबोल : रौशन, म्हटलं ना—

रौशन : हात लावत नाही. बघते नुसती. हा कॅमेरा माझा नाही.

एरबोल : नवा बसवला. जुन्यापेक्षा थोडा मोठा आहे.

रौशन : थोडा? याच्या बैठकीखाली माझं बोट आरामात जाईल. मग दोरी नाही जाणार? मी दर उडीआधी ही फट चिकटपट्टीनं बुजवून घ्यायचे. तू हसायचास. आली बघा रौशन हेल्मेटला मलमपट्टी करायला, म्हणायचास.

एरबोल : घाई होती गं.

रौशन : दोरी इथंच अडकली?

एरबोल : इथंच. आमचं पॅराशूट उघडलं, ते तिनं खालून छान टिपलं. मग स्वतःचं उघडायची वेळ आली तरी मान वरच. आम्हालाच टिपत राहिली. मान तशी वाकडी असतानाच उघडलं. एक दोरी या फटीत गेली, पॅराशूट एका बाजूनं गोळा झालं आणि ती गरागरा फिरायला लागली.

रौशन : उघडताना चित्रण सोडायचं, मान सरळ ठेवायची, समोर बघायचं. हे मला तिला अजून शिकवायचंच होतं. तिथपर्यंत आम्ही आलोच नव्हतो. पण कळ ओढायला ती शिकली होती. तो पहिला धडा. काही अडकलं की हनुवटीजवळची कळ ओढायची, पट्टा सुटतो, हेल्मेट दोरीबरोबर जातं, डोकं आपलं आपल्याजवळ राहतं. मगच बिघडलेलं पॅराशूट तोडून टाकायचं आणि राखीव उघडायचं. मी तिला इथं जमिनीवर उभं करून, डोळे बांधून ओढायला लावायचे. तिनं का नाही ओढली?

एरबोल : घाबरली असेल. गोठतात माणसं वर. मोठीमोठी गोठतात.

रौशन : कमशात?

एरबोल : कुणीही.

रौशन : हे काय आहे?

एरबोल : काय?

रौशन : या कळीभोवती. ही प्लॅस्टिकची पट्टी. विजेच्या तारा एकत्र बांधतात तसली.

एरबोल : तिनंच लावली असेल.

रौशन : माझ्याकडं बघून बोल.

एरबोल : रौशन—

रौशन : माझ्याकडं बघ, एरबोल. कळ कुणी बांधली?

एरबोल : वसंतात गेनाचं काय झालं आठवतं ना? विमानाच्या दाराला कळ घासली आणि हेल्मेट निघून गेलं. कॅमेरा आजतागायत सापडला नाही. आपण सगळे माळभर वाकून वाकून शोधत होतो, मेंढपाळ हसत होते. शनिवारी कमशात पहिल्यांदा हे घालून दारातून निघणार होती. मला वाटलं, तिचाही धक्का लागेल. म्हणून बांधली. एका उडीपुरती. खाली आलो की कापणार होतो.

रौशन : तिला सांगितलंस?

एरबोल : सांगणार होतो. नवरी रडायला लागली, तिला भीती वाटायला लागली, मी तिच्या नादात—

रौशन : नाही सांगितलंस.

एरबोल : मी वरून बघत होतो, रौशन! माझ्या पोटाला बांधलेली ती नवरी आनंदानं गाणं म्हणत होती आणि माझ्या पायाखाली कमशात फिरत होती. भोवऱ्यासारखी. मी ओरडत होतो, तोड, तोड. आणि मग मलाच आठवलं की तोडलं तर डोक्यानंच लटकेल. डोळे मिटले की तेच दिसतं. माझं मला माहीत.

रौशन : असली कळ पहिल्यांदा कुणी केली?

एरबोल : आता ते कशाला?

रौशन : कुणी केली?

एरबोल : मी केली.

रौशन : तुझ्या मोटरसायकलच्या हेल्मेटचा खटका काढून, कानशीनं घासून. तेव्हा या मैदानात कुणाकडं तसली वस्तू नव्हती. तू म्हणालास, रौशन, तू याच्याशिवाय कॅमेरा घेऊन उडी मारायची नाहीस. त्याच उन्हाळ्यात माझी दोरी अडकली. मी कळ ओढली, हेल्मेट नदीत गेलं आणि मी घरी गेले. तुझ्यामुळं गेले. आणि त्याच हातांनी तू त्या पोरीची कळ बांधलीस?

एरबोल : चूक झाली. म्हणतोय ना, चूक झाली. मी काय तिच्या जिवावर उठलो होतो का?

रौशन : नाही. दुपारी हेच सांग त्यांना.

एरबोल : तेच बोलायचं होतं तुझ्याशी. बस ना जरा. हे बघ, मी सांगितलं तर माझा परवाना गेला. परवाना गेला की क्लब गेला. गेना, पायलट, स्वयंपाकाची बाई, सगळे उघड्यावर येतील. आणि तू... तू तशीही आता उडी मारत नाहीस.

रौशन : मग?

एरबोल : दोन वर्षं झाली डॉक्टरनं तुझ्या उड्या बंद करून. तुझा परवाना असून नसून सारखाच. हेल्मेट तुझं, शिकवणारी तू. तू म्हणालीस की मी बांधली होती, शिकाऊ पोरीनं चुकून ओढू नये म्हणून, तर ते तुला काय करणार? रागावतील. कागदावर दोन ओळी लिहितील. संपलं.

रौशन : वीस वर्षं डोक्यावर ओझं घेऊन पॅराशूटचे हिसके खाल्ले म्हणून माझी मान गेली. आता त्याच मानेवर तुझं पाप ठेवू?

एरबोल : पाप काय म्हणतेस! घरचं माणूस समजून मागतोय.

रौशन : मी अल्माटीच्या इस्पितळात चाललेय, तिच्याकडं.

एरबोल : आत्ता? चौकशीवाले येतील ना. थोडं थांब. रौशन! अगं, तिला आत्ता भेटू देणार नाहीत.

\*

रौशन : डोकं हलवू नकोस. मी इकडून येते, तुझ्या डोळ्यांसमोर. दिसतेय का?

कमशात : रौशन-आपाय! तुम्ही... तुम्ही कधी आलात? आई खाली गेलीये, येईल आत्ता. मी अशी दिसतेय ना, हे गळ्यातलं म्हणजे घोड्याच्या जोखडासारखं, हसू पण येत नाही, हसलं की इथं कळ मारते.

रौशन : हसू नकोस मग. मटणाचा सोर्पा आणलाय, कोमट आहे. नळीनं ओढ. सावकाश.

कमशात : तुम्ही माझ्यावर रागावलात ना?

रौशन : आधी पी.

कमशात : मी मागं लागले होते त्यांच्या. म्हणजे, खूप दिवसांपासून. मला वाटलं तुम्ही नाहीयात तोवर एकदा करून दाखवावं, आणि मग तुम्हाला ते चित्रण दाखवावं, आणि तुम्ही शिव्या द्याल पण मनातून म्हणाल की, वा. असं काहीतरी डोक्यात होतं.

रौशन : नवरी कशी आली चित्रात?

कमशात : फार सुंदर, आपाय. झगा असा वर उडत होता, ढगासारखा. एरबोल-आगांचं तोंडच दिसत नव्हतं त्यात. मला सोडवेना. म्हणून तर मी... म्हणजे, मला वेळेचं भानच राहिलं नाही.

रौशन : राहत नाही. माझंही राहायचं नाही. म्हणून तर दोनशे उड्या.

कमशात : हं.

रौशन : एक विचारू? त्रास होत असेल तर नको सांगूस. दोरी अडकली तेव्हा तू काय केलंस?

कमशात : आधी तर कळलंच नाही. मान अशी मागं खेचली गेली, कुणीतरी केस धरून ओढल्यासारखी. मग फिरायला लागले. मग तुमचा आवाज आला. खरंच. आधी डोकं सोडव. मी हात वर नेला, कळ सापडली, लगेच सापडली, डोळे मिटून सराव केला होता ना आपण. ओढली. सुटली नाही. मला वाटलं मीच चुकीचं ओढतेय. मग दुसऱ्या हातानं. मग दोन्ही हातांनी. मी ओढतच होते, आपाय. लव्हाळं दिसायला लागलं तरी ओढत होते. हे बघा, नखं.

रौशन : दाखव. अगं बाई.

कमशात : तुम्ही ती बांधली होती हे मला माहीत नव्हतं ना. माहीत असतं तर—

रौशन : मी?

कमशात : म्हणजे... एरबोल-आगा म्हणाले.

रौशन : केव्हा म्हणाले?

कमशात : परवा. ते आले होते चौकशीवाल्यांच्या आधी. म्हणाले, ती पट्टी रौशननंच लावलेली होती, जुनीच, त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि मग चौकशीवाल्यांना त्यांनी तेच सांगितलं, माझ्यासमोर. इथंच उभे होते, खिडकीपाशी.

रौशन : परवाच सांगून झालंय त्यांचं.

कमशात : हो. का?

रौशन : आज सकाळी मला म्हणत होता, तू सांगशील का. घरचं माणूस म्हणून मागतोय म्हणाला.

कमशात : म्हणजे... तुम्ही नव्हती बांधली?

रौशन : तू माझ्याकडं शिकलीस, कमशात. मी कळ बांधेन?

कमशात : नाही.

रौशन : मग तुला पटलं कसं?

कमशात : पटलं नव्हतं.

रौशन : काय?

कमशात : नव्हतं पटलं, आपाय. मी शनिवारी सकाळी हेल्मेट घातलं तेव्हा आरशात बघितलं होतं. पट्टी नव्हती. मग विमानात त्यांनी माझं डोकं धरलं, म्हणाले, थांब, नीट बसवून देतो. टक् असा आवाज आला. मला वाटलं पट्टा आवळला असेल.

रौशन : आणि चौकशीवाल्यांनी तुला विचारलं तेव्हा?

कमशात : मी होय म्हटलं.

रौशन : होय म्हणालीस.

कमशात : एरबोल-आगा म्हणाले, रौशन-आपायला काही होणार नाही, ती आता उड्या मारत नाही. आणि मी खरं सांगितलं तर मैदानच बंद होईल, मग मी बरी होऊन जाणार कुठं? म्हणाले, तू उठलीस की तुला पुढच्या वर्षी देशाच्या संघाबरोबर पाठवतो. मी इथं छताकडं बघत पडलेय आपाय, मला तेवढंच... रडू नका ना. तुम्ही रडलात तर मला तुमच्याकडं नीट बघतासुद्धा येत नाहीये.

रौशन : त्यानं केसानं गळा कापला, ते मी सकाळपासून गिळतेय. वीस वर्षांची दोस्ती, ती कधीतरी कुजायचीच, असं म्हणून गिळतेय. तुझं काय करू?

कमशात : तुम्ही त्यांना खरं सांगणार?

रौशन : मी माझं सांगणार. मी बांधली नाही, एवढं. विमानात मी नव्हते.

कमशात : पण दोघांनी एक सांगितलं आणि तुम्ही एकटीनं दुसरं, तर तुमचं कोण ऐकणार?

रौशन : कुणी नाही.

कमशात : मला सांगा ना, मी काय करू. तुम्ही सांगाल ते करते.

रौशन : नाही सांगणार. आजवर तुझा हात कुठं न्यायचा ते मी सांगत आले. तुझी जीभ तुझी आहे. सोर्पा संपव. उद्यापासून माझी धाकटी बहीण डबा आणेल.

कमशात : तुम्ही नाही येणार?

रौशन : नाही.

\*

एरबोल : दार उघडं होतं म्हणून आत आलो. हाकलणार असशील तर आत्ताच हाकल.

रौशन : दारात आलेल्याला चहा न देता हाकलायची रीत नाही आपल्यात. बस. शरदातलं वारं सुटलंय, दार ओढून घे.

एरबोल : तुला कळलंच असेल.

रौशन : गेना सांगून गेला. तुझा परवाना कायमचा काढून घेतला म्हणे.

एरबोल : कायमचा. मैदान वसंतापर्यंत बंद, मग नव्या माणसाच्या हाती. कमशातनं चौकशीवाल्यांना पुन्हा बोलावून घेतलं. झोपल्या झोपल्या सगळं सांगितलं. टक् आवाजासकट. तुला माहीत होतं ती सांगणार ते?

रौशन : नव्हतं. तीन आठवडे नव्हतं.

एरबोल : तू तिला गळ घातली असशील असं वाटलं होतं मला.

रौशन : वाटणारच. तू घातली होतीस ना.

एरबोल : ती आता हिंडते. मान पूर्ण वळत नाही, पण हिंडते. विचारत होती तुझ्याबद्दल. तू फोन उचलत नाहीस म्हणाली.

रौशन : उचलेन कधीतरी. आज नाही.

एरबोल : पोरगी शेवटी खरं बोलली, रौशन. तिला तरी माफ कर.

रौशन : तिची रदबदली तू करू नकोस. आणि त्या तीन आठवड्यांत काय झालं ते तुला ठाऊक नाही. मी ज्यांना शिकवलं, त्यांच्या आयांनी मला फोन करून करून शाप दिले. पायलट बाजारात समोरून आला आणि टरबुजं बघायला लागला. गेनानं माझ्याबरोबरचा फोटो भिंतीवरून काढला. मग कमशात बोलली, खरं बाहेर आलं. गेना रडत आला, ठीक. पण शाप देणाऱ्यांतल्या एकीचाही पुन्हा फोन नाही.

एरबोल : मी जातो त्यांच्याकडं. एकेकाच्या दारात जातो. सांगतो.

रौशन : नको. तुझं सांगणं आता कशालाच चालत नाही. दूध घालू?

एरबोल : घाल. अजून जास्तच घालतेस.

रौशन : पियाली गरम आहे, खालून धर.

एरबोल : मी माफी मागायला आलो होतो. वाटेत दहादा शब्द जुळवले. आता इथं बसलो तर एकही आठवत नाही.

रौशन : राहू दे.

एरबोल : तुला भीती वाटली असेल ना? म्हणजे, अशी एकटी पडलीस. मला त्या दिवसांत झोप नव्हती, पण भीती नव्हती. मला ठाऊक होतं तू काही वाकडं करणार नाहीस. माझ्या नावानं बोंब मारणार नाहीस. तेवढा विश्वास होता.

रौशन : माझ्यावर?

एरबोल : तुझ्यावर. कायमच होता. तुला नव्हता का कधी? इतक्या वर्षांत, दारात उभे असताना, खाली नुसता माळ... तुला माझ्याबरोबर कधी भीती वाटली?

रौशन : नाही. कधीच नाही. आता वाटते, मागचं आठवून.